दातातली कीड आणि आपली धुतलेली थाळी



मागच्या चातुर्मासात आमच्या घरात लवंगा फार लवकर संपायला लागल्या. मुखवासाच्या डबीत भरून ठेवाव्यात आणि चार दिवसांत तळ दिसावा. मी आधी मुलांना विचारलं, मग ह्यांना. शेवटी एका दुपारी सासूबाई पाणी पिताना डोळे घट्ट मिटून घेतात हे पाहिलं आणि उलगडा झाला. डावीकडची खालची दाढ. उन्हाळ्यापासून दुखत होती.

"आई, सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? कीड लागली असेल. ती काढायची म्हणजे तेवढे जीव जायचे. आणि दुखणं आपल्या कर्माचं असतं गं, समभावानं सोसलं की तेवढी निर्जरा होते."

त्या ऐकेनात. पर्युषणात त्यांनी तेला केला. पारण्याच्या दिवशी सकाळी गाल टम्म सुजला होता आणि अंगात ताप होता. दातांच्या डॉक्टरांनी पू काढला, औषधं दिली, पण दाढ काही वाचली नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आजी, थंड पाणी लागायला लागलं तेव्हाच आला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं."

घरी आल्यावर सासूबाई गप्प होत्या. मीही गप्पच होते, कारण त्यांच्या बोलण्याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. दातात खरंच कीड असते का? ती काढणं म्हणजे हिंसा का? दुखणं सोसणं म्हणजे तप का? मग महिनाभर जे वाचलं, विचारलं, ते आज तुमच्यासाठी लिहिते आहे. सासूबाईंची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "लिही, अजून कितीजणी लवंगा चावत बसल्या असतील."

कीड आली कुठून?

"दाताला कीड लागली" हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यात एक जुनी समजूत दडली आहे हे ध्यानातही येत नाही. सुश्रुतसंहितेत दातांचे आठ रोग सांगितले आहेत, त्यातल्या एकाचं नाव कृमिदंतक, म्हणजे कृमींनी खाल्लेला दात. त्यातच दंतहर्षही आहे, म्हणजे थंड लागलं की दात शिवशिवणं. ही समजूत एकट्या आपल्या देशातली नाही. बाबिलोनच्या मातीच्या विटांवरही दातात राहायला मागणाऱ्या किड्याची गोष्ट लिहिलेली सापडली आहे. पोकळ झालेला, काळा पडलेला दात पाहिला की लाकडाला लागलेली कीड कोणालाही आठवेल. समजूत वेडेपणाची नव्हती, फक्त चूक होती.

आपल्याकडे दारावर येऊन दातातली कीड काढून देणारे असायचे. जुन्या बायका अजून सांगतात, रिंगणीच्या वाळलेल्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, नळीतून तो धूर दुखऱ्या दाढेवर घ्यायचा आणि तोंड पाण्याच्या भांड्यावर धरायचं. पाण्यात पांढरे बारीक किडे पडलेले दिसायचे. सासूबाईंनी लहानपणी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून त्यांचा विश्वास पक्का होता.

ते पांढरं काय असायचं? युरोपातही हेच चालायचं, तिथे हेनबेन नावाच्या झाडाच्या बिया जाळत. तापलेली बी फुटली की आतला वेटोळा पांढरा अंकुर बाहेर येतो आणि तो हुबेहूब अळीसारखा दिसतो. रिंगणी त्याच कुळातली, वांग्याच्या नात्यातली. म्हणजे भांड्यात पडत होतं ते बीच्या पोटातलं होतं, दाढेतलं नव्हतं. धुरानं थोडा वेळ बधिरपणा येत असेल तर येत असेल, पण दाढेचं भोक होतं तिथेच राहायचं.

१७२८ साली पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्यानं दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यानं किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि मला किडा दिसला नाही, असं स्पष्ट लिहून ठेवलं. दात बिघडण्याचा दोष त्यानं साखरेला आणि गोड पदार्थांना दिला. त्याच्याही आधी, १६८३ साली, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानं आपल्या दातांवरचा पांढरा थर खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला होता. त्यात त्याला असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. पण ते जीव आणि दातदुखी यांची सांगड घालायला आणखी दोनशे वर्षं जावी लागली. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं १८९० साली ती घातली. हे सूक्ष्म जंतू दात खात नाहीत. आपल्या तोंडात उरलेलं गोड आणि पिठूळ अन्न ते आंबवतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल दात विरघळवतं.

म्हणजे ज्याला आपण कीड म्हणतो तो प्राणी नाही. तो एक खड्डा आहे. चिंचेच्या पाण्यानं तांब्याच्या भांड्यावरचा काळा थर निघतो ना? आम्लाचं काम तसंच असतं, फक्त इथे निघतो तो मळ नसून दातच असतो.

मग दुखतं काय?

दातावरचं पांढरं कवच आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण भाग आहे आणि त्याला संवेदनाच नसते. म्हणून कीड सुरू झाली तरी कितीतरी महिने काहीच कळत नाही. कवचाच्या आत पिवळसर थर असतो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो बारीक नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. कवच झिजलं किंवा विरघळलं की गार पाणी, गोड, आंबट लागताच तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला कळ जाते. थंड लागून चटकन थांबणारी कळ हा पहिला निरोप असतो. याच वेळी खड्डा भरून घेतला तर प्रकरण तिथेच मिटतं.

निरोप ऐकला नाही तर जंतू आतल्या गाभ्यापर्यंत जातात. तिथे नस आणि रक्तवाहिन्या असतात. अंगावर कुठेही मार लागला तर तिथली जागा सुजते, कातडी ताणली जाते. दाताच्या गाभ्याला मात्र चारी बाजूंनी भिंत. सूज येते, पण तिला जायला जागा नसते. म्हणून तो ठणका इतका भयंकर असतो आणि आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढून तो आणखी वाढतो. रात्री दाढ जास्त का दुखते याचं उत्तर हे आहे. दिवसभराची कामं संपली म्हणून लक्ष जातं, असं मला वाटायचं.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे, एक दिवस ठणका आपोआप थांबतो. आपल्याला वाटतं लवंगेचा गुण आला, नवकारचा गुण आला. खरं तर आतली नस मेलेली असते. जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे पू साठतो. सासूबाईंची दाढ पर्युषणाच्या आधी आठ दिवस अजिबात दुखली नव्हती. म्हणून तर त्यांनी निर्धास्तपणे तेला धरला.

आपल्या प्रवरेकाठचे दात

इतिहासात दात फार बोलके असतात. बाकी शरीर मातीत जातं, दात हजारो वर्षं टिकतात. आपल्या देवळाली प्रवरेच्या लोकांना यासाठी लांब जायला नको. याच प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ साली सापडलेल्या ब्राँझच्या रथामुळे ते जगभर माहीत झालं. खाली नेवासे आहे, तिथे १९५४ पासून डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी उत्खनन केलं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. या तिन्ही ठिकाणी तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती होती. लहान मुलं गेली की त्यांना मातीच्या रांजणांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत असत.

त्या बाळांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स हे अमेरिकन अभ्यासक आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी केला आहे. कित्येक बाळांच्या सुळ्यांवर त्यांना छोटे खळगे दिसले, कवच नीट भरलेलं नव्हतं. बाळाचा दात घडत असताना पोषण कमी पडलं की असं होतं, असं अभ्यासक मानतात. कधीकाळी एका आईच्या ताटात काय पडलं नाही, ते तिच्या बाळाच्या दातावर लिहून राहिलं. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

दातांवर इलाज करणंही तितकंच जुनं आहे. बलुचिस्तानात मेहरगड इथे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकानं भोकं पाडलेली सापडली. भोकाच्या कडा पुढच्या चावण्यानं गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे ते काम जिवंत माणसांवर झालं होतं. कोणीतरी दुसऱ्याच्या वेदनेवर उपाय शोधत होतं, सोस म्हणून सांगत बसलं नव्हतं.

याच लुकाक्स यांनी २००८ साली आणखी एक गोष्ट मांडली, ती आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. माणूस शेती करायला लागल्यापासून जगात बहुतेक ठिकाणी पुरुषांपेक्षा बायकांचे दात जास्त किडलेले आढळतात. शेती आली, मुलांची संख्या वाढली. गरोदरपणात लाळेत बदल होतो, हिरड्या सुजतात, उलट्यांचं आम्ल दातांवर येतं, थोडं थोडं सारखं खाल्लं जातं. "बाळ पोटातून आईच्या दातातलं चुन्याचं सत्त्व ओढून घेतं" असं आपण ऐकत आलो, ते मात्र खरं नाही. दातातलं कॅल्शियम तसं निघून येत नाही. म्हणजे बाळंतपणात दात जायलाच हवेत असं काही नाही. ज्यांच्या सुना-लेकी आता गरोदर आहेत त्यांनी हे त्यांना जरूर सांगा. गरोदरपणात दातांच्या डॉक्टरांकडे जाता येतं, फक्त दिवस राहिले आहेत हे त्यांना आधी सांगायचं.

साखर दारात आली

दायमाबादच्या लोकांना दातांचं दुखणं होतंच, पण त्यांना साखर माहीत नव्हती. आपल्या भागात ती पाण्यामागून आली. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे उसाच्या शेतांतून वाहू लागले. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना इंग्रजांच्या काळातच उभा राहिला. आणि १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना सुरू केला. विठ्ठलराव विखे पाटलांची मेहनत आणि धनंजयराव गाडगिळांचं मार्गदर्शन. मग राहुरी आणि पुढे जिल्हाभर. या उसानं आपल्या भागात शाळा आल्या, दवाखाने आले, आपल्या व्यापारी घरांनाही बरकत आली. ते मी विसरत नाही. आमच्या सासऱ्यांचं किराणा दुकानही त्याच पैशावर चाललं.

पण त्याच काळात घराघरांत दिवसातून चार वेळा गोड चहा आला. आधी गोड सणाला असायचं, आता ते दर दोन तासांनी जिभेवर येऊ लागलं. दातांच्या दृष्टीनं फरक नेमका इथे पडला. गोड खाल्लं की काही मिनिटांत दातांवरचं आम्ल वाढतं आणि लाळेला ते पुन्हा जागेवर आणायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. एकदाच बसून दोन पुरणपोळ्या खाल्ल्या तर दाताला एकदा सोसावं लागतं. दिवसभर एकेक चिक्की, एकेक गोळी, अर्धा अर्धा कप चहा झाला तर दाताला सावरायला सवडच मिळत नाही.

हे ज्या प्रयोगातून पक्कं झालं त्याचं नाव व्हिपेहोल्म. स्वीडनमधल्या या संस्थेत १९४५ नंतर काही वर्षं मतिमंद रुग्णांना जेवणाच्या मधल्या वेळेत मुद्दाम चिकट टॉफी खायला देऊन त्यांचे दात किडू दिले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, ते सांगूही शकत नव्हते. आज जगभर हा प्रयोग लाजिरवाणा मानतात. "दोन जेवणांच्या मध्ये गोड नको" हे वाक्य किती सोपं वाटतं! ते कोणाच्या तरी वेदनेतून आलं आहे. निदान आपण ते फुकट घालवू नये.

आमच्याच दुकानातली औषधं

दाढ दुखली की गिऱ्हाईक आमच्याच दुकानात लवंगा घ्यायला यायचं. लवंग खोटी नाही. तिच्या तेलात युजेनॉल नावाचं द्रव्य असतं, ते नसेला काही वेळ बधिर करतं. दातांच्या दवाखान्यात शिरल्याबरोबर जो वास येतो तो पुष्कळदा त्याचाच असतो, कारण डॉक्टरही तात्पुरत्या भरणात लवंगेचं तेल वापरत आले आहेत. पण लवंग कळ थांबवते, खड्डा भरत नाही. शिवाय तेल थेट हिरडीवर ओतलं तर कातडं भाजतं. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, तोही दाढेच्या खड्ड्यापुरता.

दात घासायला राखुंडी, कोळशाची पूड, मीठ असायचं. आपल्याकडे अष्टमी-चतुर्दशीला हिरवं तोडायचं नाही म्हणून बाभळीची, निंबाची काडीही चालायची नाही, मग राखुंडीच. बोटानं हलकं फिरवलं तर ठीक, पण पिढ्यान् पिढ्या खसाखसा घासून कवच झिजलं. त्या घरातल्या बायकांचे दात साठीनंतर आंबट खाल्ल्याबरोबर आंबतात, ते यामुळेच.

आणि मिसरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. ती आमच्या दुकानातूनच जात होती, हे लिहायला मला संकोच वाटतो. तंबाखू आपल्या सात व्यसनांच्या यादीत नाही. त्यातच "दातासाठी लावते" म्हटलं की बायकांच्या मनाला ती औषध वाटायची. सासूबाईंची आई आयुष्यभर मिसरी लावत होती. तिनं दाढेचा ठणका थोडा दबतो, आणि मग ती सुटत नाही. हिरड्या मागे सरतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. १९९२ साली सरकारनं दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण तव्यावर घरी भाजलेल्या तंबाखूला कायदा कुठवर पुरणार? तुमच्या घरात, शेजारी, कामाला येणाऱ्या मावशींमध्ये कोणी लावत असेल तर रागावू नका. तिची कुठली दाढ दुखते ते आधी विचारा.

सोसणं आणि तप

आता सासूबाईंचा खरा प्रश्न. मी तो स्थानकात चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींना विचारला. त्यांनी मला उलट विचारलं, "जीवानंद वैद्याची कथा विसरलात का?"

आपण सगळ्यांनी ती व्याख्यानात ऐकली आहे. ऋषभदेव भगवंतांचा एक पूर्वभव जीवानंद वैद्याचा. एका मुनींच्या शरीराला कृमिकुष्ठ झालं होतं. मुनी काही मागत नव्हते, समभावात होते. पण जीवानंद आणि त्याचे पाच मित्र ते पाहून स्वस्थ बसले नाहीत. लक्षपाक तेल वैद्याकडे होतं, रत्नकंबल आणि गोशीर्ष चंदन मित्रांनी मिळवलं. तेल चोळल्यावर कृमी बाहेर आले, ते गार रत्नकंबलावर चढले आणि मग ते कंबल मेलेल्या गाईच्या कलेवरावर झटकून त्या कृमींनाही जगायला जागा दिली. मग चंदनाचा लेप.

साध्वीजी म्हणाल्या, "मुनींनी सोसलं हा त्यांचा परीषह. पण पाहणाऱ्यांनी इलाज केला, आणि त्या पुण्यातून पुढे तीर्थंकर झाले. रोग परीषह म्हणजे आलेल्या दुखण्यात मन बिघडू न देणं. गृहस्थानं औषध टाळावं असं त्यात कुठे आहे?"

शिवाय दातात तर कृमी नाहीतच, हे आपण पाहिलं. आणि पच्चक्खाणातही आपल्या आचार्यांनी सर्वसमाधीचा आगार ठेवला आहे. तीव्र वेदनेनं समाधी ढळत असेल तर औषध घेतल्यानं पच्चक्खाण भंगत नाही. आपण तो आगार दर वेळी ऐकतो आणि वापरायला मात्र घाबरतो. नेमकं कोणत्या पच्चक्खाणात काय चालतं हे महाराज साहेबांना किंवा साध्वीजींना विचारून घ्यावं, पण विचारावं तरी!

मुनी आणि साध्वी दात घासत नाहीत, तो त्यांचा आचार आहे. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत तर अदंतधावन स्पष्टच आहे. त्यांचा आहारही तसाच मोजका, निरीच्छ. आपण त्यांचा हा एक नियम उचलायचा आणि दिवसातून चार गोड चहा आपले ठेवायचे, हे काही बरोबर नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते आपल्या थाळीनं. जेवण झालं की आपण थाळी धुऊन ते पाणी पितो. उष्टं पडून राहिलं तर दोन घडीत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांत, त्यात संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, म्हणून कणही ठेवायचा नाही. शास्त्रात जंतुशास्त्र होतं, असं मी म्हणणार नाही. तो दावा करायला मी कोणी नाही. पण ज्या कारणासाठी आपण थाळीत कण ठेवत नाही, त्याच कारणासाठी दातांच्या फटीत तरी का ठेवावा? थाळी लख्ख आणि तोंडात मात्र रात्रभर उष्टं!

चौविहार करणाऱ्यांच्या बाबतीत हे फार खरं आहे. रात्री झोपेत लाळ कमी होते, त्या वेळी पोटात काही जात नाही, ही दातांसाठी उत्तम गोष्ट. आयंबिल, विगयत्याग, तिथीला गोड बंद, हेही दातांच्या भल्याचंच. पण आपण सूर्यास्ताला पाच मिनिटं असताना घाईनं जेवतो, वर गोडाचा तुकडा, घोटभर पाणी आणि पच्चक्खाण. मग सकाळच्या नवकारसीपर्यंत बारा-तेरा तास ते सगळं दातांवर तसंच. म्हणून आमच्या घरी आता सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधी जेवण संपतं आणि दात घासून, चूळ भरून मगच पच्चक्खाण होतं. उपवासाच्या आदल्या संध्याकाळीही तसंच. पारण्याला राब किंवा शिरा झाला की लगेच भरपूर पाण्यानं चूळ, आणि अर्ध्या तासानं ब्रश.

दाढ दुखली तर

कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरा. फटीत अडकलेलं अन्न दोऱ्यानं हळूच काढा, सुईनं नको. गालावर बाहेरून गार पट्टी ठेवा, शेक नको. झोपताना उशी उंच घ्या. डॉक्टरांनी चालेल म्हटलेली वेदनाशामक गोळी पाण्यासोबत गिळा, दाढेवर दाबून ठेवू नका, हिरडी जळते. घरात उरलेल्या जुन्या जंतुनाशक गोळ्या मनानं घेऊ नका. आणि ठणका थांबला तरी दवाखान्यात जाच.

गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यातलं काही असलं तर त्याच दिवशी दवाखाना, तिथीबिथी पाहू नका. मधुमेह असेल तर जास्तच सावध. आणि खालचा डावा जबडा दुखतो आहे, छातीत दडपण आहे, घाम सुटला आहे, तर ती दाढ नसून हृदयही असू शकतं.

रोजची पेस्ट फ्लोराइडवाली घ्या, ते कवच घट्ट करतं. डबीवर हिरवा ठिपका पाहून घ्या. ब्रश मऊ असावा.

आपल्या आज्यांना हे मिळालं नाही, कारण द्यायला कोणी नव्हतं. गावात दात उपटायचा तर न्हावी किंवा दोरा. फातिमा जीना कलकत्त्याला दंतवैद्यक शिकून आल्या आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत दवाखाना उघडला, तेव्हा बाईनं दातांची डॉक्टर होणं हेच नवल होतं. मुंबईचं नायर दंत महाविद्यालय १९३३ चं. शिकलेल्या, नोंदणी झालेल्या माणसानंच दातांवर इलाज करावा, असा कायदा झाला तो १९४८ साली. आज आपल्या शेजारी लोणीलाच ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, जिथून साखर आली त्याच गावाला. आता "कोण आहे दाखवायला" असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

सासूबाई आता अंगणात पायरीवर बसून मऊ ब्रशनं दात घासतात, सूर्य मावळायच्या आधी. शेजारच्या काकीजींनी विचारलं, "बाई, या वयात?" तर म्हणाल्या, "थाळी धुते तशी बत्तिशी धुते. एकतीस उरलेत, ते तरी सांभाळते."

परवा मोजून पाहिलं, तर तेवीस निघाले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग जास्तच सांभाळायला हवं."